उमेंद्रची केस चालू झाली

"सिस्टर, आजही मले कोणी इचारलंच नाही तं?" कोर्टाच्या व्हरांड्यात उमेंद्रनं विचारलं.

"इचारतीन. गोळी घेतली नं?"

"तुमच्यासमोरच तं गिळली जी! किती डाव इचारता?"

शामकलाबाई तुरुंगाच्या दवाखान्यात अठरा वर्षं नर्स होत्या. उमेंद्र सौंदडचा. शेजाऱ्याचं धानाचं पुंजणं, कापून रचलेला अख्खा ढीग, जाळल्याचा आळ त्याच्यावर. पण डोकं ठिकाणावर नाही, स्वतःची बाजू मांडता येत नाही, म्हणून पाच वर्षं खटलाच थांबलेला. ना शिक्षा, ना सुटका! दोनदा मनोरुग्णालयातून चांगला होऊन आला, दोनदा तुरुंगात पुन्हा बिघडला. बिघडणार नाही तर काय? माणूस यायचा गाडीनं आणि त्याच्या गोळ्यांचा कागद यायचा टपालानं, तीन आठवड्यांनी; तोवर गोळ्या बंद. आणि शामकलाबाईही दोन्ही वेळा त्या कागदाची वाट बघत बसल्या होत्या. ते त्यांना फार लागलं होतं.

तिसऱ्या वेळी त्या स्वतःच पोलिसांच्या गाडीत बसून त्याला आणायला गेल्या आणि गोळ्यांची पिशवी मांडीवर घेऊन परतल्या. तुरुंगाचे साहेब भडकले, "कोणाला विचारून गेलात?"

"दोन खेपा इचारूनच बसली होती साहेब," बाई म्हणाल्या. "काय झालं, पाह्यलं नं?"

पुकारा झाला. उमेंद्र आता बरा असल्याचा डॉक्टरांचा दाखला वाचून न्यायाधीशांनी मान वर केली.

"मी इथं काय करतो, ठाऊक आहे?"

उमेंद्रनं वळून बाईंकडे पाहिलं. बाई मनात म्हणाल्या, बोल रे बाबा, बोल!

"दोन्हीकडचं ऐकता जी," तो सावकाश म्हणाला. "पाच साल झाले, माह्याकडचं राह्यलं आहे."

मागे कुणीतरी खुदकन हसलं. न्यायाधीश हसले नाहीत. आणखी चार प्रश्न विचारून त्यांनी लिहिलं, आरोपी आपली बाजू मांडू शकतो, खटला पुढे चालवा. मग आरोप वाचून दाखवला. "गुन्हा कबूल आहे?"

"नाही!" उमेंद्रचा आवाज दारापर्यंत ऐकू गेला.

बाहेर त्याची माय कुसुमबाई दिसेल त्याच्या हातावर पेढा ठेवत सुटली होती.

"सुटला का पोरगा?" शिपायानं विचारलं.

"नाही जी. त्याची केस चालू झाली!"

शिपाई पेढा हातात धरून बघतच राहिला. शामकलाबाईंनी मात्र दोन उचलले, आणि सगळ्यांदेखत, भरल्या डोळ्यांनी, तिथंच उभ्याउभ्या खाल्ले.