साडेसहा लिटर

वहिनींच्या लाँड्रीत रोज चारशे चादरी धुतल्या जायच्या, आणि त्या कशा धुवाव्यात याबद्दल घरातल्या एकाही पुरुषाने आजवर ब्र काढला नव्हता. साबण कोणता, पाणी किती गरम, रक्ताचा डाग आधी थंड पाण्यात का भिजवायचा, या असल्या किरकोळ गोष्टी त्यांनी मोठ्या मनाने वहिनींवर सोपवल्या होत्या. पण लाँड्रीसाठी डिझेलची पिकअप घेतली आणि घरात एकाच आठवड्यात तीन इंजिनिअर जन्माला आले.

त्या खरं तर फक्त धाकट्या दिराच्या वहिनी. पण तो दिवसभर 'वहिनी, वहिनी' करी म्हणून गल्ली त्यांना वहिनी म्हणू लागली, आणि गल्ली म्हणते म्हणून नर्सिंग होमच्या सिस्टरही. पिकअप वापरलेलीच होती, पण आधीच्या मालकाने नीट सांभाळलेली. मागे पत्र्याची बंद पेटी, पुढे दोघांपुरती केबिन, आणि समोरच्या खणात कंपनीचं जाडजूड माहितीपुस्तक, ज्याची पानं अजून एकमेकांना चिकटलेली होती. वहिनींनी ती इस्त्रीच्या टेबलावर बसून एकेक करून सोडवली होती.

एका शुक्रवारी गाडीच्या पडद्यावर पिवळी अक्षरं उमटली: इंजिन ऑइल बदला. वहिनींची चूक एवढीच, की हे त्यांनी जेवताना बोलून दाखवलं.

"पंधरा-चाळीस नंबरचं घाल," सासरे भाताचा घास थांबवून म्हणाले. "जाड, दमदार. मधासारखं पडायला पाहिजे." बाबांनी बावीस वर्षं रोडरोलर चालवला होता. रोडरोलर ताशी सहा किलोमीटरने धावतो; पण अनुभव तो अनुभव.

"बाबा, तो जमाना गेला," वहिनींचे यजमान म्हणाले. त्यांना घरात सगळे दादा म्हणत. दादा ग्रंथालयात पुस्तकांवर शिक्के मारत. त्यांना गाडी चालवता येत नव्हती, आणि म्हणूनच गाड्यांकडे ते अगदी निःपक्षपातीपणे पाहू शकत. रोज दोन तास मोबाइलवर इंजिनांचे व्हिडिओ बघून त्यांचा अभ्यास एवढा झाला होता, की प्रत्यक्ष बॉनेट उघडायची गरजच उरली नव्हती. "आता सगळं सिंथेटिक. त्यातही शून्य-वीस. पातळ असलं की गाडी हलकी पळते."

"तेल कुठलंही घाला हो," धाकटा म्हणाला. तो डॉक्टरांकडे फिरून औषधं खपवायचा आणि घरातही त्याच सुरात बोलायचा. "शरीर असो की इंजिन, नुसत्या आहाराने भागत नाही. टॉनिक लागतं. माझ्या एका ओळखीच्या माणसाकडे बाटली मिळते. पिस्टन अक्षरशः टवटवीत होतात."

वहिनींनी ताटाशेजारी ठेवलेलं पुस्तक उघडलं. "यात पाच-तीस लिहिलंय. पूर्ण सिंथेटिक. पहाटे थंडीत गाडी सुरू केली की लगेच वरपर्यंत चढतं, आणि ओझं असताना इंजिन तापलं तरी पुरेसं जाड राहतं. शिवाय जळल्यावर कमी राख होणारं हवं. आपल्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवायची गाळणी आहे, ती राखेनं तुंबते. साडेसहा लिटर."

बाबांनी थांबवलेला घास आता कुठे गिळला.

"पुस्तकात काय, काहीही लिहितात," बाबा म्हणाले. ज्यांनी गाडी बनवली त्यांना रोडरोलरचा अनुभव नसावा, हे उघडच होतं.

"मिस्त्रीलाच विचारू," दादांनी तोडगा काढला.

वहिनींनी जेवण झाल्यावर मिस्त्रीला फोन लावला. त्याचं गॅरेज बाजाराच्या मागे होतं आणि त्याच्या हाताला चांगलाच गुण होता. वहिनींनी तेलाचा नंबर सांगितला, गाळणीचं सांगितलं, लिटर सांगितले. तो सगळं ऐकून म्हणाला, "ताई, जरा साहेबांना फोन द्या ना."

वहिनींनी फोन साहेबांना दिला. साहेब पाच मिनिटं "हं... हं... अगदी बरोबर... माझंही तेच म्हणणं आहे" करत खोलीत येरझाऱ्या घालत राहिले. मग फोन ठेवून, घसा साफ करून त्यांनी निकाल जाहीर केला, "हे बघ, नीट ऐक. पाच-तीस घालायचं. पूर्ण सिंथेटिक. कमी राखेचं."

"किती?" वहिनींनी विचारलं.

"ते मात्र मी विचारायला विसरलो."

"साडेसहा लिटर," वहिनी म्हणाल्या आणि भांडी घासायला गेल्या.

शनिवारी दुपारी त्या एकट्याच जाऊन तेल घेऊन आल्या. दुकानदाराने आधी लाल डबा पुढे केला, मग सोनेरी, कारण सोनेरी 'लेडीजना आवडतो'. वहिनींनी दोन्ही डबे उलटे करून मागची बारीक अक्षरं वाचली, ते परत सरकवले आणि वरच्या फळीवरचा धुळीने माखलेला राखाडी डबा मागितला. पुस्तकातला नंबर त्यावर अक्षर न् अक्षर होता. दुकानदार शिडीवर चढला, पण त्याच्या चेहऱ्यावरून वाटत होतं, की हे त्याने सोनेरी डब्याच्या वतीने मनाला लावून घेतलं आहे.

मिस्त्रीने जुनं तेल काढलं, फिल्टर बदलला, नवं ओतलं. गाडी दोन मिनिटं चालू ठेवून बंद केली, तेल खाली उतरू दिलं, आणि वहिनींनी स्वतः तेल मोजायची पट्टी ओढून बघितली. तेल वरच्या खुणेच्या किंचित खाली. अगदी हवं तिथं. त्यांनी पट्टी फडक्याने पुसून जागेवर ठेवली आणि गाडी घरासमोर लावून किल्ली स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवली.

रविवारी लाँड्री बंद असायची. वहिनी सकाळी बहिणीकडे गेल्या त्या संध्याकाळी परतल्या. घर कमालीचं शांत होतं. बाबा वर्तमानपत्र वाचत होते, धाकटा नखं कापत होता आणि दादांनी चक्क स्वतःहून चहा ठेवला होता. याच वेळी वहिनींना संशय यायला हवा होता. पण दिवसभर बहिणीशी गप्पा मारून मन हलकं झालं होतं. चहा आयता मिळाला, तो त्यांनी प्यायला.

सोमवारी सकाळी साडेसातला त्या निघाल्या. पेटीत चादरींची चौदा गाठोडी होती. नर्सिंग होममध्ये नवला सिस्टर वाट बघत असायच्या. खाटा बदलल्याशिवाय डॉक्टरांची फेरी सुरू होत नसे. पहिल्या चौकापर्यंत गाडी ठीक चालली. दुसऱ्या चौकात एक सायकलवाला मागून ओरडला, "ओ बाई, मागे आग लागलीय का?" वहिनींनी आरशात बघितलं. मागचा रस्ता दिसतच नव्हता. निळसर पांढरा धूर गाडीमागे इतका दाटला होता, की दुकानं उघडणारी माणसं शटर अर्धवट वर करून थबकली होती.

पाण्याच्या मोठ्या टाकीपाशी गाडी कडेला घेऊन त्यांनी इंजिन बंद केलं. इंजिन गेलं असेल तर लाँड्रीही गेली, एवढा साधा विचार मनात आला. पाच-सात मिनिटं त्या बॉनेटला टेकून नुसत्या उभ्या राहिल्या. मग बॉनेट उघडून पट्टी ओढली. तेल खुणेच्या वर होतं. थोडंथोडकं नव्हे, दोन बोटं वर. पुसून पुन्हा घातली, पुन्हा ओढली. दोन बोटं वर.

परवा त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. तेल काही रात्रीत विऊन वाढत नाही. वहिनींच्या डोळ्यांसमोर वर्तमानपत्र, नखं आणि चहा एका ओळीत उभे राहिले.

त्यांनी आधी मिस्त्रीला फोन केला. गाडी अजिबात सुरू करू नका, मी टेम्पो लावून ओढून नेतो, असं तो म्हणाला. या वेळी त्याने साहेबांना मागितलं नाही. मग त्यांनी घरी फोन लावला. आवाज एकदम गोड ठेवला. "अहो, तुम्ही, बाबा आणि भाऊजी, तिघं जरा मोठ्या पाण्याच्या टाकीपाशी या. लगेच. काही नाही हो, थोडं सामान उचलायचंय."

तिघे रिक्षाने आले. धूर विरला होता, पण वास होता. तिघांनीही वास घेतला, आणि तिघांनीही आकाशाकडे बघितलं.

"कोणी काय घातलं, ते संध्याकाळी," वहिनी म्हणाल्या. "नर्सिंग होम इथून पाऊण किलोमीटर आहे. गाठोडी चौदा आहेत. उचला."

"टेम्पो आला की त्यात..." दादांनी सुरुवात केली.

"टेम्पो गाडी ओढायला येतोय. उचला."

धुतलेली चादर हलकी असते, हा एक मोठा गैरसमज. तीस चादरींचं गाठोडं उचललं की पहिल्या शंभर पावलांत तो दूर होतो. दादांनी मोठ्या तोऱ्यात दोन खांद्यांवर दोन गाठोडी घेतली आणि औषधाच्या दुकानापर्यंत जाऊन एक खाली ठेवलं. धाकट्याने फोनवर कुणाला तरी 'आज क्लायंटकडे जरा अडकलोय' असं सांगितलं, आणि ते तंतोतंत खरं होतं. वहिनी स्वतः एक गाठोडं डोक्यावर आणि एक कमरेवर घेऊन सगळ्यांच्या पुढे चालत होत्या. बाबांना त्यांनी एकच छोटं, उशांच्या अभ्र्यांचं गाठोडं दिलं. ते त्यांनी छातीशी धरून नेलं आणि वाटेत एकदाही टेकलं नाही. पुढच्या खेपेला वहिनींनी त्यांना हाताला धरून सिस्टरांच्या खुर्चीत बसवलं.

तीन खेपा झाल्या. साडेनऊला सिस्टरांनी शेवटचं गाठोडं मोजून घेतलं, तिघांच्या घामाने भिजलेल्या शर्टांकडे बघितलं आणि वहिनींना विचारलं, "नवे कामगार ठेवलेत वाटतं? जरा कच्चे आहेत."

"शिकतायत," वहिनी म्हणाल्या.

गॅरेजमध्ये मिस्त्रीने खालचा बोल्ट सोडला, तेव्हा वहिनी शेजारीच उभ्या होत्या. काळंभोर तेल पसरट भांड्यात पडत राहिलं, पडतच राहिलं. मिस्त्रीने मापाने मोजलं. जवळजवळ नऊ लिटर.

"ताई, साडेसहाच्या इंजिनात एवढं घातलं की तेलाचा फेस होतो," तो म्हणाला. "वर हवेच्या वाटेत चढतं आणि जळतं. अजून पाच-सहा किलोमीटर चालवली असतीत तर इंजिनाने मान टाकली असती. वेळेवर थांबलात." मग मान खाजवत म्हणाला, "बघा, ते तेलाचं तुम्ही त्या दिवशी बरोबरच सांगत होतात. मी आपलं सवयीने..."

"सवयीनेच," वहिनी म्हणाल्या. "नवं घाला. तेच. मी बघते."

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर वहिनींनी कुणाला काहीच विचारलं नाही. निमूट वाढत राहिल्या. आधी दादा फुटले.

"मी फक्त एक लिटर," ते ताटाकडे बघत म्हणाले. "व्हिडिओत सांगितलं होतं, नवा फिल्टर तेल पितो, म्हणून वरून घालावं लागतं. तू वाटेत अडकू नयेस म्हणून..."

"पट्टी बघितलीत?"

"पट्टी कुठली?"

धाकटा खोकला. "माझं तर तेलच नव्हतं, वहिनी. टॉनिक होतं. एकच छोटी बाटली. बरं, दीड."

राहता राहिले बाबा. त्यांनी हात धुतले, टॉवेलला पुसले आणि पुन्हा खुर्चीत येऊन बसले. "मी सकाळीच घातलं, लिटरभर. सगळ्यात आधी. पट्टीवरचं तेल बोटांत चोळून बघितलं, पाण्यासारखं लागलं. म्हटलं, पोरगी एवढं ओझं घेऊन जाते, आणि हे पाणी." दादा आणि धाकटा दोघेही त्यांच्याकडे बघत होते. "खरं सांगू का सूनबाई? रोलरमध्ये मी तेल कधी घातलंच नाही. डेपोत एक माणूस होता, तो घालायचा. मी वर बसून बघायचो. मधासारखं पडायचं, एवढंच मला माहीत."

बावीस वर्षांचा अनुभव असा एका वाक्यात टेबलावर येऊन पडला. धाकट्याला हसू फुटणार होतं, पण वहिनींनी त्याच्याकडे बघितलं आणि त्याने ते पोळीबरोबर गिळलं.

वहिनींना सकाळपासून बोलायचं होतं. टाकीपाशी उभं असताना त्यांनी पूर्ण भाषण तयार केलं होतं, चांगलं अर्ध्या तासाचं, त्यात लग्नापासूनचे दाखले होते. आता बाबांचे खांदे बघून त्यातलं निम्मं गळालं. उरलेलं निम्मं त्यांनी मात्र सोडलं नाही. दादांना आणि धाकट्याला ते रस्सा संपेपर्यंत ऐकावं लागलं, आणि मधे पाणी प्यायचीही सोय नव्हती.

शेवटी त्या बाबांना म्हणाल्या, "उद्या सहाला उठाल? गाडी थंड असताना पट्टी कशी बघायची ते दाखवते. बघायचं आणि मला सांगायचं. हातात डबा मात्र घ्यायचा नाही."

बाबा पावणेसहालाच बाहेर उभे होते. त्यांनी पट्टी ओढली, पुसली, घातली, परत ओढली आणि चष्मा कपाळावर चढवून डोळ्यांजवळ धरली. "दोन्ही खुणांच्या मधे. वरच्या बाजूला," त्यांनी सांगितलं. वहिनींनीही बघितलं. बरोबर होतं. त्या केबिनमध्ये चढल्या, इंजिन पहिल्याच झटक्यात लागलं, आणि मागे धुराचा मागमूसही नव्हता.

एवढ्यात धाकटा दात घासत दारात आला. इंजिनाचा आवाज त्याने डोळे मिटून, एखादा ठेका ऐकावा तसा ऐकला.

"बघा वहिनी," तो तोंडातला फेस सांभाळत म्हणाला, "किती मऊ चालतेय. म्हटलं होतं ना, टॉनिक लागतं."

वहिनींनी गिअर टाकला आणि आरशात न बघता निघून गेल्या.