जनाना खोलीतली ओळख

निजामाच्या राज्यात परभणीच्या टेसनावर बायकांसाठी वेगळी खोली होती. दाराला जाड पडदा, आत समोरासमोर दोन लांब बाकं, कोपऱ्यात पाण्याचा माठ. या जनाना खोलीवर धुरपताबाई होती. नवरा रुळाच्या कामावर असताना गाडीखाली गेला, तेव्हा रेल्वेच्या साहेबाने दया येऊन तिला तिथे लावून घेतलं. खोली झाडायची, पाणी भरायचं, बायकांची लेकरं घटकाभर सांभाळायची आणि गाडी लागली की एकेकीला हाताला धरून जनाना डब्यात बसवून द्यायचं, एवढं तिचं काम. गंगाखेडकडून येणाऱ्यांना इथे गाडी बदलावी लागे. त्यामुळे खोलीत बायका बराच वेळ बसून असत.

धुरपताबाईचं नाव झालं ते मात्र वेगळ्याच गोष्टीमुळे. एकदा येऊन गेलेली बाई ती विसरत नसे. दोन वर्षांनी आली तरी पडदा बाजूला होताच नाव घेऊन म्हणायची, "या सुभद्राबाई. लेकराचा खोकला गेला का?"

त्या काळी बाईला दाराबाहेर नाव नसे. घरातही ती थोरली, धाकटी, अमक्याची आई. जिंतूरच्या एका कापूसवाल्याची सून पहिल्यांदा स्वतःचं नाव तिथे ऐकून मागे वळून बघू लागली, आपल्यामागून कोण आलं म्हणून. "तुमालाच म्हणायले चन्नबसम्मा," धुरपताबाई म्हणाली, तेव्हा ती पदर तोंडाला लावून कितीतरी वेळ हसत होती. पुढे ती गाडीच्या बरीच आधी येऊन बसायला लागली. नवरा बाहेर कुरकुर करायचा, ही आत सुखात.

धुरपताबाईला याचा अभिमान होता. मिरवावं असं तिच्याजवळ दुसरं काही नव्हतंच.

संक्रांत होऊन गेली होती. दुपारची वेळ. सेलूच्या भीमाकाकू नव्या सुनेला घेऊन खोलीत आल्या. मुलगा बन्सीधर सेलूला शाळामास्तर होता, तो बाहेर सामानाजवळ थांबला. नव्या जोडप्याला गंगास्नान घडवून काकू गंगाखेडहून परत निघाल्या होत्या. सुनेवर खूष दिसत होत्या. "इथं बस, तिथं वारं लागेल," म्हणून तिला त्यांनी स्वतःच्या उजव्या अंगाला बसवून घेतलं.

"गाडीला लय येळ हाय काकू, बसा निवांत," धुरपताबाई म्हणाली आणि सुनेकडे पाहत राहिली. सुनेने मान खाली घातली होती. पण उजव्या भुवईला मधोमध छेद देणारी जुनी खोक पदराच्या काठाखाली दिसत होती.

"अंबिका न्हवं का तू?"

काकूंना कौतुक वाटलं. "माहेरचं नाव ते. आम्ही सुमंगला ठेवलं. तुला गं कुणी सांगितलं?"

"सांगतंय कोण? एकडाव नाव कानावर पडलं की माझ्याकडून जात न्हाई. ही बारकी हुती तवा बापासंगं जालन्याच्या गाडीनं उतरली. ह्याच बाकावर बसली हुती."

सुनेने तेव्हा डोळे वर केले. काकूंच्या खांद्यामागून ती धुरपताबाईकडे बघत होती, आणि मांडीवरचा तिचा हात जरासा उचलला गेला होता. बोटं नाही म्हणत होती. धुरपताबाईने ती बोटं पाहिली.

"जालन्याला हिचं कुणी नाही बाई," काकू हसून म्हणाल्या. "तू दुसऱ्याच कुणाचं हिला चिकटवायलीस. दिवसभर तोंडं बघायची म्हटल्यावर एखादं तोंड भलत्याच धडावर बसायचं."

समोरच्या बाकावरच्या दोघी खुदकन हसल्या. त्यातली एक दुसरीला म्हणाली, "आणि लोक म्हणतात, हिला समदं याद राहतंय."

"असंल काकू, म्हातारी झाले मी," एवढं म्हणून धुरपताबाई माठाकडे वळली असती तरी भागत होतं. सुनेचा हात अजून तसाच होता. पण समोरचं हसू धुरपताबाईच्या अंगाला झोंबलं.

"भलत्या धडावर कसं बसंल?" ती म्हणाली. "हिच्या बापाचं नाव काशीनाथपंत. गंगाखेडच्या कचेरीत हुते. ही भुवईवरची खोक बघा की. सासरहून आले म्हणून हिनंच मला सांगितलं. लय रडत हुती. म्या पेरू दिला, तर खाल्ला न्हाई, नुसता धरून बसली. इचारा तिला."

"सासरहून?" काकूंनी विचारलं.

समोरच्या दोघींचं हसणं थांबलं. काकू काही ओरडल्या नाहीत. सुनेला एवढंच म्हणाल्या, "वर बघ." सुनेने वर पाहिलं नाही. मग काकू बाकावरून उठल्या आणि गाडी येईपर्यंत पडद्यापाशी उभ्या राहिल्या.

गाडी लागल्यावर धुरपताबाईने बोचकं उचललं. डब्यात चढताना सून तिच्या कानाशी हळूच म्हणाली, "मावशी, तुम्हाला कळलं नाही का?"

कळलं होतं. जालना म्हणताना कळलं नव्हतं. तेव्हा तिला वाटलं होतं, हेच ते सासर, तिथे न रमणारी पोर अखेर रमली. पण ती बोटं हलली तेव्हा कळलं होतं. पुढचं सगळं ती कळून बोलली होती.

त्यानंतर धुरपताबाईला घास गोड लागेना. लेक मथुरा पहिल्या बाळंतपणाला घरी आली होती. आईचं काय बिनसलं ते तिने खोदून खोदून काढलं. ऐकून म्हणाली, "आये, तुझं तोंड हाय का इंजिनाची शिट्टी? फाटक दिसलं की वाजायलीच."

धुरपताबाई हसली नाही. मथुरेने मग आवाज बदलला. "जा आन् चुकले म्हण. माणूस चुकत न्हाई का?"

धुरपताबाईने रजा काढली आणि सेलूची गाडी धरली.

मास्तरांचं घर तिला बाजारात कुणीतरी दाखवलं. बन्सीधर मास्तर ओट्यावरच होते. तिला बघताच खाली उतरून आडोशाला आले. माणूस सरळ होता, पण आईपुढे आवाज फुटत नसे. खालच्या आवाजात म्हणाले, "मला ठाऊक आहे सगळं. हिचं पहिलं लग्न लहानपणी झालं आणि नवरा वर्षाच्या आत गेला. काशीनाथपंतांनी मला आधीच सांगितलं होतं. लोकांनी विसरावं म्हणून ते गंगाखेड सोडून हिंगोलीला बदलून गेले. आईला तेवढं सांगितलं नव्हतं. विधवेचं लग्न म्हटलं असतं तर तिने पाऊल घरात ठेवू दिलं नसतं."

"आता काय म्हणतात काकू?"

"हिला मागच्या सोप्यात बसवलंय. चुलीला हात लावू देत नाही. खरं निघालं तर हिंगोलीला पाठवणार. पण तिलाही सून आवडली होती हो. तुमची चूक झाली असं तुम्ही सांगितलंत तर ती मानेल. तिला मानायचंच आहे."

धुरपताबाई आत गेली आणि देवघराच्या उंबऱ्याबाहेर बसली. भीमाकाकू वाती वळत होत्या.

"काकू, माजं चुकलं. ती पोर येगळी हुती. भुवई बघून फसले."

"बापाचं नाव?"

"कुणाकडून तरी कानावर आलं असंल. बायकांत मिरवायला बोलून गेले मी. जिवाला लागलं म्हणून आले. घरी लेक बाळंतपणाला हाय, दिवस भरत आलेत, तिला तशीच टाकून आले."

काकूंनी हातातली वात खाली ठेवली. त्यांचा चेहरा जरा सैल झाला होता. तिचं ऐकावं असं त्यांना फार वाटत होतं, ते धुरपताबाईला दिसत होतं. त्या उठल्या, देवापुढचं बेलाचं पान आणि चिमूटभर भंडारा घेऊन आल्या आणि दोन्ही तिच्या तळहातावर ठेवलं.

"बेलभंडार उचल. तुझ्या लेकीचा जीव मध्ये ठेवून म्हण, ही ती नव्हे. एवढं म्हण, मी हिला आत्ता चुलीपुढे बसवते. पुन्हा या घरात कुणी जालन्याचं नाव काढणार नाही."

मास्तर दारात उभे होते. मागच्या सोप्याच्या चौकटीत सून येऊन थांबली होती.

धुरपताबाईने हात उचलला. सकाळी निघताना मथुरा दाराला टेकून उभी होती, एक हात कमरेवर, पाय सुजलेले. ही ती नव्हे. तीन शब्द. टेसनावर ती दिवसभर शब्द उधळत असायची. आता ओठ हलले, पण आवाज निघाला नाही. भंडारा बोटांच्या फटींतून लुगड्यावर सांडत होता.

"म्हण ना," मास्तर म्हणाले.

तिने पुन्हा हात वर नेला आणि पुन्हा तो मांडीवर आला.

सून पुढे झाली. धुरपताबाईच्या तळहातावरचं पान तिने अलगद उचललं आणि देवघराच्या उंबऱ्यावर ठेवलं.

"नका विचारू त्यांना," ती सासूला म्हणाली. "मीच ती. जालन्याहून आले ती मीच. लेकीच्या जिवावर खोटं कुणाला बोलवेल?"

काकूंनी डोळ्यांना पदर लावला. त्यांना खरंच रडू आलं होतं. मुलाकडे न बघता त्या म्हणाल्या, "हिचं सामान बांध."

मास्तरांनी सामान बांधलं. आईला ते एका शब्दानेही काही बोलले नाहीत. टेसनापर्यंत ट्रंक घेऊन आले, हिंगोलीचं तिकीट काढून दिलं, खिडकीशी उभे राहून म्हणाले, "आईचा राग निवला की मी येतो." सुनेने मान हलवली. त्यांच्या बोलण्यावर तिचा विश्वास बसला की नाही, हे धुरपताबाईला कळलं नाही. गाडी सुटेपर्यंत मास्तर हातातलं उपरणं पिळत होते.

जनाना डब्यात गर्दी नव्हती. दोघी शेजारी बसल्या. बऱ्याच वेळाने धुरपताबाई म्हणाली, "म्या तुजा हात बघितला हुता. खोलीत. बघून बोलले."

"माहीत आहे मला," मुलगी म्हणाली.

कितीतरी रात्री तिला झोप नसावी. डब्याच्या हेलकाव्यात तिची मान कलंडली आणि धुरपताबाईच्या खांद्यावर येऊन टेकली. धुरपताबाई हालली नाही. तिने शिव्या दिल्या असत्या तर सोसवल्या असत्या. हा खांद्यावरचा भार सोसवत नव्हता.

मानवत रोडला एक जाडजूड बाई बोचकं घेऊन चढली. डब्यात नजर फिरवली आणि तिचं तोंड खुललं.

"आगं धुरपताबाई, आज तूच मुसाफिर व्हय? वळखलंस का मला?"

भागम्मा. मानवतच्या किराणावाल्याची बायको. कमरेला तपकिरीची डबी, धाकट्या लेकीचं सासर पूर्णेला, गेल्या खेपेला गुडघ्याला तेल चोळून घेतलं होतं. सगळं धुरपताबाईच्या ओठांवर आलं.

"न्हाई बाई," ती म्हणाली.

"बघ की नीट."

"न्हाई वळखलं."

भागम्माचा चेहरा पडला. "म्हातारी झालीस गं," असं म्हणून ती बोचकं उचलून डब्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. मुलगी झोपेत जरा चाळवली. धुरपताबाईने तिच्या डोक्यावरून सरकलेला पदर हाताने धरून ठेवला आणि गाडी परभणीला लागेपर्यंत तोंड खिडकीकडेच ठेवलं.