उलटी साखळी

नणंद-भावजयीचं एका घरात पटत नाही म्हणतात. या दोघी तर एका प्रयोगशाळेत होत्या, आणि तरी पटत होतं. लोकांना त्याचं नवल वाटे. भावजयीला मात्र त्याचा अभिमान होता. बिचारी.

ताई, म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण, विभागप्रमुख. भावजय त्यांच्या हाताखाली पेप्टाइड बनवायची. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटीशी साखळी, मणी ओवावेत तशी एकेक कडी जोडत करायची. शत्रू होता पोटाचा एक विषाणू. एकाला उलट्या सुरू झाल्या की चार दिवसांत अख्खा वृद्धाश्रम आडवा व्हायचा. त्या विषाणूला घट्ट धरणारी साखळी मिळाली, की ती कागदी पट्टीवर बसवायची आणि दहा मिनिटांत निदान करायचं. पण दोन वर्षं झाली तरी ताईंनी आखलेली एकही साखळी त्याला धरेना.

मग नवं यंत्र आलं. साखळी लिहितात डावीकडून उजवीकडे, पण यंत्र ती जोडतं उजव्या टोकापासून. जुनं यंत्र मठ्ठ होतं, त्याला क्रम आपणच उलटा करून द्यावा लागे. नवं शहाणं, ते आपलं आपण उलटून घ्यायचं. भावजयीच्या बोटांना मात्र बारा वर्षांची सवय. तिनं क्रम उलटा टाइप केला, यंत्रानं तो पुन्हा उलटला, आणि साखळी शेपटाकडून डोक्याकडे अशी तयार झाली. तिला हे कळलं तेव्हा चाचणी होऊन गेली होती. आणि पट्टीवर पहिल्यांदाच ठसठशीत लाल रेघ उठली होती.

ती धावत ताईंकडे गेली. "ताई, माझी घोडचूक झाली. पण ही रेघ बघा!"

ताईंनी रेघ पाहिली, क्रम पाहिला आणि त्या खुर्चीत बसल्या. "म्हणजे उलटीच्या विषाणूला उलटीच साखळी लागते म्हण की!" दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

हसू ओसरल्यावर ताईंनी दार लोटलं. "हे बघ, नव्या यंत्रावर असा हलगर्जीपणा झाला हे वर कळलं, तर तुला कायम करायची फाइल तिथंच अडकेल. नोंदवहीतलं ते पान काढून टाक. लेखात तुझं नाव पहिलं घालू. मी आहे ना!"

'मी आहे ना' म्हटल्यावर आणखी काय हवं? तिनं पान फाडलं.

पुढचे आठ महिने कष्टाचे आणि आनंदाचे गेले. तीच साखळी विषाणूला असं काही लपेटायची, की त्याला आतड्याच्या पेशीला चिकटताच येईना. एका वृद्धाश्रमात पट्टीनं तिघांना उलटी होण्याआधीच पकडलं. त्यांना वेगळं ठेवलं आणि साथ तिथंच थांबली.

लेख छापून आला त्या दिवशी संचालकांनी सगळ्यांना बोलावलं. "हे सुचलं कसं?" त्यांनी विचारलं.

"सरळ साखळ्या हरल्या," ताई म्हणाल्या, "तेव्हा मी विचारपूर्वक एक उलटवून पाहिली."

लेखात पहिलं नाव ताईंचं होतं. भावजयीचं शेवटी, आभारात, यंत्रांची निगा राखणाऱ्या नवऱ्याच्या नावाशेजारी. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

तिनं ताईंना जिन्यात गाठलं. "ताई, माझं नाव?"

"चुकीला श्रेय नसतं गं. तिचा अर्थ ज्याला लागतो, त्याला असतं." ताईंचा आवाज अगदी मायेचा होता. "आणि वहीत तर तसं काहीच नाही."

वहीत नाही, पण यंत्रात? यंत्र प्रत्येक साखळीची नोंद ठेवायचं: कोणी केली, कधी केली, कोणता क्रम दिला. जिवात जीव येऊन ती तळमजल्यावर नवऱ्याच्या कार्यशाळेत गेली.

"त्या दिवशीची नोंद काढून दे रे. माझं नाव आहे तिच्यात."

त्यानं हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "नाहीये ती. तेव्हाच पुसली. ताईनं सांगितलं, तुझ्या नोकरीसाठी."

"बरं. पण लेखात काय लिहिलंय ते तरी तुला ठाऊक होतं का?"

त्यानं स्क्रू ड्रायव्हर पुन्हा उचलला. "तिनं वाचायला दिला होता. दोन महिने झाले. तिनं मला शिकवलंय गं, तिच्यापुढे काय बोलणार? वाटलं, तू समजून घेशील."

ताईंचा तिला राग आला होता. इथं मात्र रागही येईना. गेले दोन महिने रोज जेवताना ती म्हणायची, "लेख आला की माझं नाव सगळ्यात आधी आईला दाखवायचं." आणि हाच माणूस तिच्या ताटात भाजी वाढत म्हणायचा, "हो, दाखवू ना."