येसाजीचा हात

"इंदूबाय, ही येसाजीची मिरची नाय गं." नेरळच्या बाजारात चिंधीनं पाटीतली एक मिरची उचलली, उन्हात धरली नि परत टाकली. "त्याची कशी, बोटापरास लांब, लालभडक. ही बघ, चिमणीची चोच!"

इंदूबाईनं पाटी आवरली. तिचा नवरा येसाजी जाऊन दोन वर्षं झाली, तरी बाजार अजून त्याच्याच नावानं मिरची मागत होता. आता माणसामागून नावही जाणार, या विचारानं तिची परतीची वाट लांबली.

वाटेत शेजारचा बुधाजी भेटला. "वैनी, यंदा रोपं दाट दिसत व्हती. वजन भरलं आसंल की!"

"वजन भरलं, भावजी. मिरची नाय भरली."

ती तशीच शेतावर गेली. भात निघालं की त्याच खाचरात दोघं मिरची लावत. येसाजीची गाठींची दोरी होती. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत एक हात, की एक गाठ. गाठीला एक रोप. ती दोरी यंदा उंदरांनी कुरतडली, तेव्हा इंदूबाईनं नवी वळली आणि आपल्या हातानं मोजली. हातभर म्हणजे हातभर, असं तिला वाटलं होतं.

पानात पान गुंतलं होतं. बुडाशी ऊन नाही, वारा नाही. दुपार झाली तरी दव तसंच, आणि आतली फळं काळी पडलेली. "दोन झाडांतून तुजा पदर न अडकता गेला पायजे," येसाजी म्हणायचा. ती दोन झाडांमधून निघाली, तर पदर अडकला.

त्याचा हात केवढा होता? इतकी वर्षं उशाला होता तो. मानेला आठवत होता, मोजता येत नव्हता.

चार दिवसांनी पोशीरहून लेक आली, जनी. आल्या आल्या तिनं चवड्यांवर उभीही न राहता वरच्या फळीवरची बरणी काढली. "आये, आजून हितंच ठेवतेस? तुजा हात पोचत नाय ना!"

इंदूबाई बापावर गेलेल्या त्या हाताकडे बघत राहिली.

"जने, बस हितं. हात दे."

"का गं, बांगड्या भरतेस?"

"हलू नको."

जमिनीवर टेकलेलं कोपर, त्याला लागून दोरी, बोटाच्या टोकाशी गाठ. एक झाली, दुसरी झाली. बाराव्या गाठीला जनीचा हात अवघडला.

"आये, येक माप घेतलंस की बास! बाकीच्या गाठी त्याच्यावरनं मार ना."

इंदूबाईला ते ठाऊक होतं.

"उगी गं," ती म्हणाली, आणि पुढच्या गाठीसाठी तो हात तिनं पुन्हा सरळ केला.