मागच्या खोलीतला कॅनडा

सत्यजीत परदेशी गेले ते घराच्या मागच्या खोलीपर्यंत. त्यापुढे त्यांना कोणी जाऊ दिले नाही.

वसुंधराबाईंच्या मनात चिरंजीवांच्या या प्रवासाविषयी तिटकारा होताच. पण त्याहून अधिक सलत होता तो त्यांच्या प्रस्थानाचा सोहळा. अक्षय्य तृतीयेला नवीन पनवेलमधल्या त्यांच्या सोसायटीने निरोपसमारंभ केला. सेक्रेटरींनी शाल-श्रीफळ दिले, बायकांनी सूनबाईंची, म्हणजे दिपिकाची, ओटी भरली. सत्यजीतांनी माइक हातात घेऊन 'या देशात माणसाला किंमत नाही' या विषयावर भाषण केले, आणि ज्यांना किंमत नाही अशी ती सगळी माणसे समोर बसून टाळ्या वाजवत राहिली. व्हिसा तेव्हा हाती आलेलाच नव्हता. पासपोर्ट मागवले म्हणजे काम झाले समजा, एवढेच एजंट म्हणाला होता. बाजारात तुरी आणि घरात वरणाला फोडणी!

आठवडाभरात नकार आला. तोवर दोघांच्या नोकऱ्या सोडून झाल्या होत्या, गाडी विकली गेली होती, नऊ वर्षांच्या इराचे नाव शाळेतून काढले होते. फ्लॅट तेवढा वाचला, कारण तो वसुंधराबाईंच्या नावावर होता आणि विक्रीच्या कागदावर सही करण्याची त्यांना कधी इच्छा झाली नव्हती.

खाली जाऊन "जमले नाही" एवढे दोन शब्द सांगितले असते तर प्रश्न मिटला असता. पण शाल पांघरून झाल्यावर ते दोन शब्द फार जड होतात. ठरल्या दिवशी तिघे बॅगा घेऊन, सगळ्यांना हात हलवत टॅक्सीत बसले, खोपोलीच्या एका लॉजवर दिवस काढले आणि अंधारात मागच्या जिन्याने वर आले. पुन्हा अर्ज करेपर्यंतच, असे सत्यजीतांनी सांगितले. त्याला आता दीड महिना होत आला होता.

तेव्हापासून या घरात चोरांनाही लाज वाटावी असे नियम चालू झाले. दूध एकाच पिशवीचे, कारण जगाच्या दृष्टीने घरात एकटी म्हातारी. कपडे न्हाणीघरात वाळायचे. पडदे दिवसभर ओढलेले. दिपिका कुकरच्या शिट्टीवर फडके धरून उभी राहायची. आणि सत्यजीत? दिवस कलला की कॅनडात सकाळ होते, या हिशेबाने ते संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर 'सुप्रभात' टाकत, सोबत कुणाकडून तरी मिळवलेला तलावाचा फोटो. 'इथली हवा काही वेगळीच,' असे त्यांनी एकदा लिहिले तेव्हा ते मोरीजवळच्या स्टुलावर बसलेले होते.

वसुंधराबाईंनी हे सहन केले ते एका अटीवर. खोटे बोलायला मला सांगू नका, असे त्यांनी बजावले होते. त्या खोटे बोलल्या नाहीत, गप्प राहिल्या. या दोहोंत अंतर आहे, अशी त्यांची समजूत होती.

ती समजूत मोडली मनस्वीने. तिसऱ्या मजल्यावरची ही मुलगी इराची वर्गमैत्रीण. शाळा उघडून चार दिवस झाले असतील. तिने बेल वाजवली आणि दारातच विचारले, की इरा व्हिडिओ कॉल का उचलत नाही, तिला तिकडे दुसरी मैत्रीण मिळाली का. आपण बाकावर तिची जागा अजून धरून ठेवतो आणि त्यावरून बाई रागावतात, हेही सांगितले. वसुंधराबाई "विचारून सांगते" म्हणाल्या आणि दार लावून वळल्या. दारामागे इरा उभी होती, दोन्ही हात तोंडावर दाबून. तिचे डोळे चमकत होते.

"आज्जी, मी श्वाससुद्धा घेतला नाही," ती म्हणाली. तिला शाबासकी हवी होती.

त्या दुपारी वसुंधराबाईंनी स्वतः शाळेत फोन केला. मुख्याध्यापिका भल्या निघाल्या. जागा शनिवारपर्यंत राखता येईल, मात्र पालकांनी स्वतः येऊन सही करावी, असे त्या म्हणाल्या. सत्यजीतांनी ऐकून घेतले आणि पुढच्या महिन्यात बघू म्हणून पुन्हा मोबाइलमध्ये डोके घातले.

शुक्रवारी भाजी संपली. जवळच्या मंडईत चार माणसांची भाजी घेतली तर विक्रेत्यांनाही संशय यायचा, म्हणून वसुंधराबाई रिक्षाने सुकापूरला जात. ज्या बाईने आयुष्यात सासऱ्यांसमोरही मान खाली घालून भाजी निवडली नव्हती, तिने आता मेथीच्या जुड्या लपवून न्यायच्या!

हौसा नावाच्या त्यांच्या नेहमीच्या भाजीवालीने पिशवी भरता भरता चेष्टा केली, "येवढी भाजी? घरात लगीन हाय का आजी?" मग शेजारच्या गिऱ्हाइकाकडे हनुवटी उडवून म्हणाली, "आन् ह्यो एक भाऊ. तोंड दावत नाय, पन घासाघीस रोज करतो."

तो भाऊ म्हणजे टोपी आणि मास्कमधला एक गृहस्थ. त्याने मान वळवली, पण उशीर झाला होता. तो निनाद होता. सातव्या मजल्यावरचा निनाद, जो गुढीपाडव्याला टोरांटोला गेला होता, ज्याचे बर्फाचे फोटो पाहून सत्यजीतांनी नोकरीचा राजीनामा लिहिला होता.

"निनाद," वसुंधराबाई आवाज न चढवता म्हणाल्या, "टोरांटोतली मेथी संपली वाटतं."

निनादने त्यांना टपऱ्यांच्या मागे नेले आणि भडाभडा सांगून टाकले. तो कधी गेलाच नव्हता. त्याचाही अर्ज फेटाळला होता, विचुंब्यात भाड्याची खोली घेतली होती, बर्फ एका मावसभावाचा होता. मग त्याने हात जोडले.

"काकू, एवढं करा, सत्यजीतला कळू देऊ नका. तो खराच पोचला. त्याचा तो तलावाचा फोटो बघून माझी बायको दोन दिवस जेवली नाही."

वसुंधराबाईंना हसू आले नाही. एवढ्या शिकलेल्या माणसांनी एकमेकांना इतक्या स्वस्तात फसवावे, याची त्यांना किळस आली.

"तो फोटो सत्यजीतनी मागच्या खोलीतून पाठवलाय," त्या म्हणाल्या. "बायकोला सांगा, जेवून घे."

घरी येऊन त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली आणि घडले ते जसेच्या तसे सांगितले. सत्यजीतांचा चेहरा पडेल असे त्यांना वाटले होते. तो उजळला. आपण एकटे नाही, याचाच त्या माणसाला आनंद झाला. मग सावकाश राग आला.

"त्याच्या फोटोंवर विश्वास ठेवून मी नोकरी सोडली, आईसाहेब."

"आणि तुमच्या फोटोंवर कोण सोडत असेल, त्याचा विचार करा."

दिपिकाने तेवढ्यात तोड सुचवली. परवा रविवारी बॅगा घेऊन टॅक्सीने पुढच्या फाटकातून यायचे, इराला तिथली हवा मानवली नाही असे सांगायचे. आईसाहेबांनी दारात भाकरतुकडा ओवाळला तर सगळ्यांना खरेही वाटेल.

वसुंधराबाईंनी सुनेकडे पाहिले. ही ओटी भरून घेतलेली बाई.

"भाकरतुकडा प्रवासाहून आलेल्यांवरून ओवाळतात," त्या म्हणाल्या. "मागच्या खोलीतून आलेल्यांवरून नाही. आणि रविवारी शाळा बंद असते. उद्या सकाळी मी इराला घेऊन लिफ्टने खाली उतरणार आणि पुढच्या फाटकातून जाणार. सही पालकाची लागते, सत्यजीत. तुम्ही आलात तर ठीक. नाही आलात तर बाईंना सांगेन, वडील घरातच आहेत, पण खाली उतरायला भितात."

इरा खोलीच्या दारात उभी राहून सगळे ऐकत होती.

शनिवारी सकाळी तिने मागच्या वर्षीचा गणवेश घातला. तो आखूड झाला होता. लिफ्ट खाली आली तेव्हा फाटकापाशी नेहमीची वर्दळ होती. फिरून परतलेल्या बायका होत्या, दुधवाला होता, आणि सेक्रेटरी पाण्याच्या टँकरवाल्याशी वाद घालत होते. सत्यजीत जिन्याने उतरले, टोपी आणि मास्क लावून. अगदी निनादसारखे. वसुंधराबाईंनी हात पुढे केला. क्षणभर थांबून सत्यजीतांनी दोन्ही वस्तू त्या हातात ठेवल्या.

सेक्रेटरी वाद विसरून पुढे आले. कधी आलात, कसा झाला प्रवास, असे त्यांनी मोठ्या आपुलकीने विचारले. सत्यजीत स्वतःच्या बुटांकडे पाहत राहिले. इराने आजीकडे पाहिले. आजीने मान हलवली नाही, पण नजरही हटवली नाही.

"आम्ही गेलोच नव्हतो, काका," इरा म्हणाली.

सेक्रेटरींना कुठे पाहावे कळेना.

"शाल संध्याकाळी पाठवते," वसुंधराबाई म्हणाल्या. "नारळ तेवढा फोडून झाला."

त्या इराचा हात धरून फाटकाबाहेर पडल्या. सत्यजीत बरेच मागे राहिले होते. चार माणसांसमोरून चालत जायला त्यांना वेळ लागत होता. वसुंधराबाईंनी वळून पाहिले नाही. चाल मात्र थोडी मंद केली.