स्वातंत्र्याचे धाकटे मंत्रिपद

मित्रांनो, मी लाकडाचे नाही, लोखंडाचेही नाही. मी एक मोडीत निघालेले मंत्रिपद आहे, आणि तेही धाकटे. माझा जन्म स्कॉटलंडमध्ये, एडिनबरा शहरात झाला. देश स्वतंत्र करण्याचे काम माझ्याकडे होते. ज्या लंडनपासून वेगळे व्हायचे, तिथल्या राजाने मान डोलावल्यावरच मी अस्तित्वात आले.

एल्स्पेथ मॅकफेडियन ही माझी पहिली आणि शेवटची धनीण. स्वातंत्र्यावर सार्वमत घेण्याचा अधिकार लंडनकडे होता, म्हणून आम्ही पुस्तिका काढत असू. स्वतंत्र देशात पेन्शन कशी असेल, मासेमारी कशी असेल. सुरुवातीला वर्तमानपत्रांनी माझे कौतुक केले, मग चेष्टा.

"स्वातंत्र्य राहू दे गं बाई, आधी ही बोट वेळेवर सोड!" एकदा फेरीबोटीवर एक म्हातारी म्हणाली. सगळा डेक हसला. एल्स्पेथही हसली.

ती बोट तिच्या वडिलांकडे जायची. ते, म्हणजे लाक्लन, ब्यूट नावाच्या बेटावर एकटे राहत. जहाजांच्या कारखान्यात राबून, सुट्टीच्या दिवशी स्वातंत्र्याची पत्रके दारोदार वाटण्यात त्यांचा जन्म गेला होता. आता फुप्फुसे थकली होती. ते उन्हाळा काढतील, असे डॉक्टर म्हणत नव्हते. एल्स्पेथला त्यांच्याजवळ राहायचे होते. तसे म्हटले की ते भडकत.

"माझ्या उशाशी बसून देश सुटणार आहे का? जा तू. खोकायला मला मंत्री लागत नाही."

ती जाई. तिचे रविवारसुद्धा मी खाल्ले. मला वाईट वाटायला हवे होते. पदांना ती सोय नसते.

वसंतात एडिनबराच्या सरकारचा प्रमुख बदलला. मंत्रिपदांच्या नव्या यादीत मी नव्हते. दारावरची पाटी निघाली, स्क्रूची भोके राहिली. त्याच दुपारी एल्स्पेथ बोटीत बसली. पद गेले तरी काही दिवस माणसाला चिकटून असते, म्हणून पुढचे मी पाहिले.

"आज कशी आलीस? खातं कोण बघतंय?"

"कुणी नाही, बाबा. खातंच बंद केलं त्यांनी."

लाक्लननी तिच्या हातातले बार्लीचे सूप घेऊन बाजूला ठेवले.

"मूर्ख लेकाचे," ते म्हणाले. मग हळूच, "परत कधी जायचंय तुला?"

"जायचं नाहीये."

"हं." त्यांनी पांघरूण सारून पलंगावर तिला जागा केली.

सार्वमत काही त्यांना पाहायला मिळाले नाही. जूनच्या स्ट्रॉबेरी पिकायच्या आत ते गेले. तोवर ती तिथेच होती.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, पदे निर्माण कराल. माझ्यासारखे एखादे पुन्हा केलेत, तर त्याला काही करण्याचे बळही द्या. ते जमणार नसेल, तर त्यावर बसलेल्या माणसाला वेळेवर घरी जाऊ द्या.