तीस वर्षं काढली

किल्लीकाकांनी तुरुंगात तीस वर्षं कुलपं लावली आणि उघडली. ते निवृत्त झाले, मागोमाग तुरुंगही बंद पडला, आणि आता त्याच दगडी इमारतीत असं झकपक हॉटेल निघालं होतं की आत जायला लोक रांग लावत. लेकीने आईबाबांना लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला तिथला मुक्काम भेट दिला. सोबत व्याहीही आले. हे व्याही म्हणजे बडं प्रस्थ. काकांच्या नोकरीचं नाव निघालं की ते हवापाण्यावर घसरत. आज ह्यांना दाखवतोच आपण कोण होतो ते, असं काकांनी मनाशी पक्कं केलं होतं.

शिरताच त्यांनी भिंतीवरचे फोटो न्याहाळले. घरफोडे, खिसेकापू, दोनदा पळालेला एक ठकसेन. सगळे ओळखीचे. पहारेकरी मात्र औषधालाही नव्हता. काकांचं डोकं सणकलं.

व्याह्यांना ऐकू जाईल अशा बेताने ते काउंटरवर म्हणाले, "मी इथे तीस वर्षं काढली."

मॅनेजर धावत आला. त्याने फुलांचा गुच्छ पुढे केला, सगळ्यात मोठी खोली देऊ केली आणि अदबीने विचारलं की गुन्हा कोणता होता. व्याही दोन पावलं सरकून छताचं कोरीवकाम बघू लागले.

आपण कैदी नव्हे, पहारेकरी होतो, हे काकांनी तोंडाला फेस येईपर्यंत सांगितलं. मॅनेजरचा चेहरा पडला. मोठी खोली आणि भिंतीवर फोटो हा मान फक्त जुन्या कैद्यांचा होता. गुच्छ परत निघाला. त्यापेक्षा चोर असतो तर बरं, असंही काकांच्या मनात येऊन गेलं.

इतका वेळ बॅगेवर बसलेल्या काकू उठल्या. त्यांचा संसार तुरुंगाच्या आवारातच झाला होता. फाटकाबाहेर जायचं तर काकांना विचारावं लागे, आणि काका दर वेळी 'उद्या बघू' म्हणत.

काकूंनी मॅनेजरच्या हातातून गुच्छ काढून घेतला. "मीही इथे तीस वर्षं काढली. ह्यांना रविवारची सुट्टी असायची. मला तीही नव्हती."

"आणि गुन्हा?" मॅनेजर चाचरला.

काकूंनी नवऱ्याकडे बोट दाखवलं.

व्याही खो खो हसले. काकाही हसायला गेले, पण काकू हसत नव्हत्या.

फोटो काकूंचा लागला, ठकसेनाच्या शेजारी. खोलीचं दार उघडायचं कार्डही त्यांच्याच हातात पडलं. काका बॅगा ओढत मागून आले. त्यांना मनापासून लाज वाटत होती.

"जरा बाहेर फिरून यायचं का?" त्यांनी हळूच विचारलं.

काकू पलंगावर ऐसपैस पसरल्या. कार्ड त्यांनी उशीखाली सारलं.

"उद्या बघू," त्या म्हणाल्या.